तीन नायिका, एक शेला

१

पहिली किंकाळी आली तेव्हा हॉलमधल्या कुणी मानसुद्धा वर केली नाही. नाटकाच्या तालमींचे दिवस होते, आणि नाटकात बायका किंचाळतातच. दुसरी किंकाळी फुटलीच नाही. तिच्या जागी जाड कापड फाटावं तसा खोकला ऐकू आला, मेकअप रूमचं दार धाडकन उघडलं आणि मिताली दोन्ही हातांनी गळा धरून बाहेर आली. नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

शेवटच्या रांगेत बसलेल्या जयंती देवस्थळींच्या हातातला गजकाचा, तीळगुळाच्या कुरकुरीत वडीचा, तुकडा मांडीवर पडला. पाच मिनिटांपूर्वी याच पोरीनं वरचा षड्ज असा लावला होता की बाई चावायच्या थांबल्या होत्या.

जयपूरबाहेर, कानोत्याच्या वाटेवरचा हा हॉल एका मराठी वाहिनीनं महिनाभरासाठी घेतला होता. 'संगीत मीनाकारी' या नव्या नाटकाला नायिका हवी होती, आणि ती टीव्हीवर, साऱ्या महाराष्ट्रासमोर, स्पर्धा लावून निवडायची होती. नाटक जयपूरच्या एका मीनाकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलीचं, म्हणून शेवटचे भाग इथे. चारशे मुलींतून तिघी उरल्या होत्या. सांगलीची मिताली, नागपूरची प्रणिता आणि इथलीच, बनी पार्कात वाढलेली कस्तुरी. आज बुधवार. उद्या संध्याकाळी अंतिम सोहळा होता, तिघींनी गायचं आणि मग निकाल.

मितालीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि मग लोक मेकअप रूमकडे वळले. गरगरा फिरून आलेल्या माणसांसारखे सगळे एकमेकांचे दंड धरून उभे होते. टेबलावर वाफ घेण्याचे तीन पांढरे स्टीमर, रोजच्यासारखेच. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून फिती बांधलेल्या. प्रणिताचा पिवळा, कस्तुरीचा निळा, मितालीचा हिरवा. हिरव्या फितीच्या स्टीमरचं झाकण दिग्दर्शक परीक्षितनं रुमालानं उचललं आणि मान झटकन मागे घेतली. आतलं पाणी लालभडक होतं.

"तिखट," तो म्हणाला, आणि त्यालाच ठसका लागला.

गाणाऱ्या मुलीला वाफेतून कुणीतरी तिखट पाजलं होतं. मग कोपऱ्यातून प्रणिता शांतपणे म्हणाली, "कस्तुरीला विचारा. आम्ही सगळे मितालीकडे धावलो तेव्हा ही बेसिनपाशी हात धूत होती. हिची बोटं लाल होती."

२

कस्तुरी ही जयंतीबाईंच्या शेजारच्या मनोहररावांची मुलगी; आज तिचीच तालीम ऐकायला बाई हॉलवर आल्या होत्या. तिची आई मंजुषा सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्या घरातलं लोणचं, पापड, तिखट, इतकंच काय कस्तुरीच्या परकराची नाडीसुद्धा जयंतीबाईंच्या खात्यावर. मनोहरराव बँकेत अधिकारी. मुलीचं गाणं इथल्या गुरुजींकडे चाललंय, ते तुटू नये म्हणून त्यांनी दोनदा बढती नाकारली होती. बदली नको, मोठी खुर्चीही नको. लोक त्यांना वेडा म्हणत, कुठेही दोन तास आधी जाऊन बसतात म्हणून चेष्टा करत, आणि ते हसत.

जयंतीबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. अठ्ठावीस वर्षं दाव्यांच्या विभागात काढलेली. आग आपोआप लागली की लावली, दागिने चोरीला गेले की माहेरी गेले, हे समोरच्याच्या तोंडाकडे बघून ओळखण्यात हयात गेली होती. नाटकाचा संगीतकार गंधार महिनाभर त्यांच्याच वरच्या खोलीत राहत होता. त्यानंच परीक्षितच्या कानात सांगितलं, की बाहेरून कुणाला बोलावण्यापेक्षा या बाईंना विचारा.

दवाखान्यातून फोन आला. स्वरतंतू भाजल्यासारखे सुजलेत. दीड महिना एक अक्षर बोलायचं नाही. पुढे गाता येईल का, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

परीक्षितनं फोन ठेवला. "मितालीचे आईवडील उद्या दुपारी सांगलीहून पोचतील. ते आले की पोलिसांत तक्रार जाईल, आणि त्यात आम्हाला एक नाव द्यावंच लागेल," तो म्हणाला. "आत्ता माझ्याकडे एकच नाव आहे. जे काय शोधायचं ते उद्या बारापर्यंत शोधा."

एवढ्यात मनोहररावांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आवाज इतका पडलेला की जयंतीबाईंनी फोन कानाशी दाबून धरला. "जयंतीताई, कस्तुरीनं केलेलं नाही. मला ठाऊक आहे. तुम्ही तिला यातून काढा." मग जरा थांबून ते म्हणाले, "त्या मितालीला फार लागलंय का हो? तो मोरपंखी शेला खांद्यावर घेऊन केवढी हसत होती पोर. मला वाटलं, दिवसभर घसा बसेल फार तर."

बापाचं काळीज, दुसऱ्याच्या मुलीसाठीही तुटतं, असं जयंतीबाईंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

३

प्रणिताशी बोलायला वेळ लागला नाही. तिला बोलायचंच होतं. मिताली तिला आवडत नव्हती हे तिनं आधी सांगून टाकलं. कस्तुरीही आवडत नव्हती. "मला कुणीच आवडत नाही जी, मी इथे गायला आलीये. पण असं काही करायचं असतं तर हात धूत उभी राहिले नसते. आधी रडले असते."

तिचं म्हणणं असं, की दुपारी बारा ते साडेबारा तिघीही स्टेजवर होत्या. मेकअप रूम उघडीच होती. चहावाला, कपडेवाल्या आसावरीबाई, डबे घेऊन येणारे घरचे लोक, कुणीही आत यावं आणि जावं अशी व्यवस्था. साडेबाराला सुट्टी झाली, मितालीनं रोजच्यासारखा टॉवेल डोक्यावर घेऊन स्टीमर लावला, आणि पुढचं सगळ्यांनी पाहिलं होतं.

कस्तुरी मागच्या जिन्यात बसली होती. जयंतीबाईंना पाहून तिनं गुडघ्यांत डोकं घातलं.

"तुझ्या बोटांना लाल काय लागलं होतं गं?"

तिनं हात पाठीमागे लपवले.

"डबा उघडला होतास?"

कस्तुरीनं मान वर केली. चेहरा पांढराफटक. "मावशी, मी नाही केलं. मतलब... तू मला बाकी काही विचारू नको. मी नाही सांगू शकत."

"अगं, उद्या ते तुझं नाव देतील. नाटक जाईल हातचं. गाणं जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

जयंतीबाई हबकल्या. सहा वर्षांची असल्यापासून सकाळी पाचला रियाजाला बसणारी ही पोर, आणि तिनं दोन शब्दांत सगळं सोडून दिलं होतं. खोटे दावे करणारे लोक बाईंनी शेकड्यांनी पाहिले होते. ते बोलतात, भरभरून बोलतात. असं गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत नसतो, कुणाला तरी पाठीशी घालत असतो. पण कुणाला?

तिच्या शेजारी डब्याची कापडी पिशवी पडली होती. डबा जसाच्या तसा, उघडलेलाही नव्हता. पिशवीच्या तळाशी मात्र रुपयाएवढा लाल डाग होता.

४

परीक्षितचा संशय आता जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाक्यावर जाऊ पाहत होता. स्वयंपाकी बिचारा गयावया करत तिखटाचा डबाच घेऊन आला. "मॅडमजी, हमारे यहाँ तो यह मथानिया वाली मिर्च है, आप देख लो." जयंतीबाईंनी ते जोधपूरकडच्या मिरचीचं तिखट चिमूटभर घेऊन हुंगलं. झणझणीत, स्वच्छ, नुसत्या मिरचीचा वास.

मग त्या मेकअप रूममध्ये गेल्या. हिरव्या फितीचा स्टीमर परीक्षितनं कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. पाणी निवलं होतं आणि तळाशी गाळ बसला होता. बाईंनी नाकाला पदर लावून तो चमच्याच्या टोकावर घेतला आणि मग पदर बाजूला करून हळूच वास घेतला.

मिरचीच्या मागून हिंगाचा वास येत होता. वर्षाचं साठवणीचं तिखट करताना मराठी घरांत बरणीत हिंगाचे खडे ठेवतात, कीड लागू नये म्हणून. जयंतीबाई आपल्या आईच्या पद्धतीनं त्याच्याही पुढे जात. खडे तेलात तळून मिरचीबरोबरच कुटायचे, अर्धी ब्याडगी, अर्धी लवंगी, आणि वरून मूठभर धणे. जयपुरात असं तिखट कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. ते फक्त एका घरात कुटलं जायचं.

स्टीमरमध्ये जयंतीबाईंचं स्वतःचं तिखट होतं.

त्या कितीतरी वेळ चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. गेल्या चैत्रात, गच्चीत तळपत्या उन्हात, कस्तुरीनं मिरच्यांची देठं काढून दिली होती आणि दोघी शिंकून शिंकून हसल्या होत्या. त्या हसण्यातलं तिखट एका मुलीच्या गळ्यात गेलं होतं. बाईंना उमाळा आला, पण रडायला वेळ नव्हता. ते तिखट कुणाकुणाकडे होतं? एक त्यांच्याकडे. दुसरी बरणी मनोहररावांच्या घरी. बस, दोनच घरं. आणि त्या दोन घरांत वावरणारी माणसं तीन: त्यांच्याकडे जेवणारा गंधार, मनोहरराव आणि कस्तुरी.

तिघंही त्यांचीच माणसं होती.

५

गंधारनं सगळं ऐकलं आणि तो चिडला नाही. उलट म्हणाला, बाई, माझी खोली बघा, माझी बॅग बघा. "पण एक सांगा. मी मितालीलाच का त्रास देईन? किंवा कस्तुरी तरी का देईल? निकाल कुणालाच माहीत नाही. मिताली पुढे आहे की प्रणिता, हे आम्हा लोकांनाही ठाऊक नाही. लोकांची मतं रविवारी रात्री बंद झाली. नाव पाकिटात आहे आणि पाकीट वाहिनीच्या मुंबईच्या ऑफिसात."

हे जयंतीबाईंच्या डोक्यात नुसतं शिरलं नाही, तिथे रुतून बसलं. करणाऱ्यानं तीन स्टीमरांतून नेमका हिरव्या फितीचा निवडला होता. म्हणजे त्याला वाटत होतं, की मितालीच जिंकणार आहे. नुसतं वाटत नव्हतं, त्याची खात्री होती. इतकी खात्री कुणाला कशी असेल?

रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. सकाळी हॉलवर पोचल्या तेव्हा कपडेवाल्या आसावरीबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. संध्याकाळचा कार्यक्रम होणार की नाही ते कुणाला माहीत नव्हतं, पण इस्त्री करायला हवीच. त्यांनी ट्रंकेतून एक वस्त्र काढून मांडीवर पसरलं. हिरव्यानिळ्या रेशमाचं, काठावर सोन्याचे डोळे.

"हा काय?" जयंतीबाईंनी विचारलं.

"नायिकेचा मोरपंखी शेला. जिंकणारीच्या खांद्यावर घालायचा. आज संध्याकाळपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडायचा नाही म्हणून कुलपात ठेवलाय. मंगळवारी तेवढा बाहेर काढला होता."

"मंगळवारी काय होतं?"

आसावरीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

६

टीव्हीच्या लोकांची एक रीत असते. थेट कार्यक्रमात विजेतीचं नाव पुकारल्यावर रडारड होते, कॅमेऱ्याला पाठ होते, दिवा जातो, काहीही होतं. म्हणून जाहिरातीसाठी विजयाचा प्रसंग आधीच चित्रित करून ठेवतात. निकाल फुटू नये म्हणून तो सगळ्यांचाच करतात. मंगळवारी दोन वाजता मिताली जिंकली, तीन वाजता प्रणिता जिंकली, चार वाजता कस्तुरी जिंकली. तोच शेला, तीच फुलं, त्याच टाळ्या. मुलींकडून लिहून घेतलं होतं, घरीसुद्धा बोलायचं नाही. घरच्यांना फक्त आपापल्या वेळी यायला सांगितलं होतं. मितालीची मावशी दोनला आली, प्रणिताचा भाऊ तीनला.

"आणि कस्तुरीचे वडील?"

"ते आलेच नाहीत बिचारे. बँकेत काम निघालं म्हणून फोन आला. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं."

जयंतीबाई तडक फाटकापाशी गेल्या. चौकीदाराकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची वही होती. मंगळवारचं पान त्यांनी उघडलं आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बारीक, सुबक, बँकेतल्या माणसाची सही. आत आल्याची वेळ दोन वाजून पाच मिनिटं. बाहेर गेल्याची, दोन चाळीस. बुधवारच्या पानावरही तीच सही होती, बारा वाजताची.

प्रत्येक ठिकाणी दोन तास आधी पोचणाऱ्या माणसाला सारं बनी पार्क हसायचं. तो मंगळवारीही आधीच पोचला होता.

बाई तिथेच, चौकीदाराच्या स्टुलावर बसल्या. फोनवरचं एकेक वाक्य आता परत ऐकू येत होतं. तो मोरपंखी शेला खांद्यावर घेऊन केवढी हसत होती पोर. दिवसभर घसा बसेल फार तर. आणि सगळ्यांत आधी, मला ठाऊक आहे. माणूस आपल्या मुलीबद्दल 'माझी खात्री आहे' म्हणतो. ठाऊक फक्त एकालाच असतं.

घड्याळात साडेदहा वाजले होते. त्यांना वाटलं, वही मिटावी आणि स्वयंपाक्याच्या निष्काळजीपणाचं काहीतरी सांगून द्यावं. अठ्ठावीस वर्षांत एकही खोटा दावा मंजूर केला नाही, आता एकच करावा. मग त्यांना पदराच्या टोकाला अडकलेला तो हिंगाचा वास आला.

७

मनोहरराव दार उघडंच ठेवून बसले होते. समोर चहा गार झालेला. जयंतीबाईंनी काही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, बरणी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"कस्तुरी मंगळवारी तिथेच होती," त्या म्हणाल्या. "तिला माहीत होतं की काही ठरलेलं नाही. प्रणिताला माहीत होतं, गंधारला माहीत होतं. ज्यानं मितालीचा स्टीमर निवडला त्यानं फक्त एकच विजय पाहिला होता. रोज डबा आणून तुम्हाला फिती पाठ होत्या, आणि कालही बाराला डबा घेऊन तुम्ही आला होतात, मनोहरराव. पुडी त्याच पिशवीत राहिली. पोरीनं जेवायला बसताना ती पाहिली, बाहेर आरडाओरडा ऐकला आणि तिला सगळं कळलं. तिनं ती पुडी फेकली, हात धुतले आणि तोंड शिवून टाकलं. तुमच्यासाठी."

मनोहररावांनी नाकारलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांना समजली नव्हती. "एकच विजय म्हणजे?"

जयंतीबाईंनी सांगितलं.

ते ऐकत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की बाईंना तो बघवेना. त्यांना वाटलं होतं, सगळं आधीच ठरलंय, आपल्या मुलीला नुसती शोभेला उभी केलीय. मितालीला एक दिवस गाता आलं नाही तर नाइलाजानं दुसरीला घेतील. तो शेला पाहून डोकंच फिरलं, म्हणाले. मंजुषाला शब्द दिला होता, की पोरीला स्टेजवर उभी करीन. वाफेनं इतकं भाजतं हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "कस्तुरी मला घरी एका शब्दानं बोलली नाही," ते पुटपुटले.

"तिनं लिहून दिलं होतं. दिलेला शब्द पाळायला तिला तुम्हीच शिकवलंत."

मनोहरराव उठले, शर्ट बदलला आणि चपला घातल्या. पोलीस ठाण्यात जाण्याआधी हॉलवर जायचं म्हणाले. पोरीसमोर बोलायचं होतं.

८

परीक्षितनं उभ्यानंच सगळं ऐकलं. कस्तुरी भिंतीला टेकून होती. वडील बोलत असताना तिनं एकदाच "बाबा, नको" म्हटलं आणि मग तोंडावर हात घेतला.

परीक्षित वाईट माणूस नव्हता. नियम त्यानंच वाचून दाखवला. स्पर्धकाच्या घरच्यांनी दुसऱ्या स्पर्धकाला इजा केली तर ती स्पर्धक बाद. मग त्यानं मुंबईला फोन लावला, कारण आता पाकीट फोडावंच लागणार होतं. तो थोडा वेळ ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

"रविवारी रात्रीच लागला होता निकाल," तो म्हणाला. "कस्तुरी. पहिल्या क्रमांकानं. मिताली तिसरी."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

मनोहररावांनी हात जोडले. माफी मागत असतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "एकदा बघू का? तिचं, मंगळवारचं?"

परीक्षितनं जरा विचार केला आणि कोपऱ्यातला पडदा चालू केला. चार वाजताचं चित्रण. नाव पुकारलं जातं, टाळ्या, फुलं, आणि मोरपंखी शेला कस्तुरीच्या खांद्यावर येतो. खोटाच विजय, पण ती खरं हसते, शेल्याचा काठ मुठीत धरते आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून प्रेक्षकांत कुणाला तरी शोधते. कॅमेरा तिच्या नजरेमागून पहिल्या रांगेत जातो. तिथे एका खुर्चीवर 'कस्तुरीचे बाबा' असा कागद चिकटवलेला आहे.

खुर्ची रिकामी आहे. पडद्यावरची कस्तुरी तिच्याकडे पाहून तरीही वाकून नमस्कार करते.

मनोहरराव पडद्याकडे पाहत राहिले, चित्र संपून पडदा काळा झाला तरी. कस्तुरीच त्यांच्याजवळ आली आणि तिनं त्यांचा हात धरला. "चला बाबा," ती म्हणाली. "आधी मितालीकडे जाऊ. मग ठाण्यात."